शस्त्रक्रियेनंतरची सूज आणि आकाराची काळजी



आजचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज थोडा कमी केला जाईल, याची मला कल्पना आहे. तरी तो पुरता बंद करू नये, एवढी विनंती. स्तनांचा आकार वाढविण्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यासंबंधी आज बोलावयाचे आहे. शस्त्रक्रिया करावी की करू नये, या वादात मी शिरणार नाही. ज्या बाईने ती करून घेतली, ती घरी आली, आणि आता आरशासमोर उभी राहून घाबरली आहे, तिची काळजी हा आजचा विषय. पहिल्या आठवड्यात तिला वाटते, 'अरे देवा, हे फारच मोठे झाले!' आणि दोन महिन्यांनी तीच बाई म्हणते, 'एवढा खर्च केला, एवढे सोसले, आणि हे तर लहानच राहिले!' पिशवी तीच, बाई तीच. मग हे दोन परस्परविरुद्ध निकाल आले कोठून?

मी वैद्य नव्हे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवितो. परंतु या प्रश्नाची अर्धी बाजू शरीराची आहे आणि अर्धी डोळ्यांची व मनाची. शरीराची बाजू वैद्यकाच्या ग्रंथांत स्पष्ट मांडलेली आहे, ती प्रथम पाहू.

'प्लास्टिक सर्जरी' या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो. बादली-मगाच्या प्लास्टिकशी या नावाचा संबंध नाही. आकार देणे, घडविणे, अशा अर्थाचा मूळ ग्रीक शब्द आहे. कुंभार मातीला घडवितो तसे. ही विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. टिपूशी झालेल्या 1792च्या लढाईत इंग्रज सैन्यातल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्याकडच्या एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. असो.

स्तनांच्या बाबतीत मात्र वाट बरीच खडतर होती. 1895 साली जर्मनीत व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जनाने एका रुग्ण स्त्रीच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून, रोगामुळे रिकाम्या झालेल्या स्तनात बसविली. पुढे कोणी पातळ केलेले मेण टोचून पाहिले. त्याच्या आत गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, बायकांचे हाल झाले. आज जी पिशवी वापरतात तिचा जन्म 1962 सालचा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरी. फ्रँक गेरो या तरुण सर्जनाने रक्ताने भरलेली प्लास्टिकची पिशवी हातात दाबून पाहिली आणि तिचा मऊपणा त्याच्या मनात भरला. त्याने आणि टॉमस क्रोनिन याने सिलिकोनची पिशवी करून घेतली. ती प्रथम एका कुत्रीच्या शरीरात बसवून पाहिली आणि मग टिमी जीन लिंडसे या सहा मुलांच्या आईला विचारले. ती बिचारी गोंदण काढून घेण्यासाठी धर्मादाय इस्पितळात आली होती. स्तन मोठे करावे असे तिच्या मनातही नव्हते. तिला आपले कान पुढे आलेले वाटत, ते मागे बसवून हवे होते. डॉक्टरांनी तेही करून देण्याचे कबूल केले, तेव्हा ती तयार झाली. पुढे तिने सांगितले आहे की, शुद्धीवर आल्यावर छातीवर भले मोठे ओझे ठेवल्यासारखे वाटले. हे तिचे सांगणे लक्षात ठेवा. साठ वर्षे होऊन गेली, पिशव्या सुधारल्या, भूल देण्याची रीत सुधारली. पण पहिल्या दिवसांचे ते ओझे काही बदललेले नाही.

या पिशवीला इंग्रजीत इम्प्लांट म्हणतात; आपणही तेच म्हणू. बाहेरचे कवच सिलिकोनचे. आत सिलिकोनचा घट्ट लगदा, नाहीतर मिठाचे पाणी. तिचे माप 'सीसी'त सांगतात. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर, म्हणून तीनशे सीसीचे इम्प्लांट म्हणजे साधारण तीनशे मिलिलिटरची जागा व्यापणारी, तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची पिशवी. दुधाच्या मापाशी ताडून पाहिले म्हणजे लगेच समजेल. घोटाळा होतो तो येथून पुढे. बाई दुकानातल्या चोळीच्या मापात विचार करते, सर्जन सीसीत बोलतो, आणि या दोन मापांचा पक्का हिशोब कोठेच नाही. तीनशे सीसी पाणी पसरट थाळीत ओतले तर तळ जेमतेम झाकेल आणि उभ्या पेल्यात ओतले तर पेला भरेल. इम्प्लांटचेही तसेच. एकाच मापाचे एक रुंद व बसके असते, दुसरे अरुंद व पुढे आलेले. रुंद छातीच्या उंच बाईला तीनशे सीसी दिसेल न दिसेल. लहान चणीच्या बाईला तेच फार होईल. म्हणून 'माझ्या मैत्रिणीला इतके बसविले, मलाही तितकेच हवे' या बोलण्यात अर्थ नाही. चांगला सर्जन आधी छातीची रुंदी आणि कातडीची ढिलाई मोजतो, मग आकड्याकडे वळतो.

अमेरिकेतल्या बायका एक घरगुती युक्ती करतात. मापाने तांदूळ घेऊन पातळ मोज्यात भरायचे आणि ती पुरचुंडी चोळीत ठेवून दोन-चार दिवस घरात वावरायचे. वजन कळते, जिना चढताना कसे वाटते ते कळते. युक्ती वाईट नाही. मात्र तांदूळ कातडीच्या बाहेर असतात आणि इम्प्लांट आत, बहुधा स्नायूखाली दाबलेले. तेव्हा तांदळाने अंदाज येतो, इतकेच.

आता शस्त्रक्रियेनंतर आत काय घडते ते पाहू. तालमीत जोर काढताना छातीवर जो स्नायू ताठ होतो, त्याच्या वर किंवा खाली सर्जन एक कप्पा तयार करतो आणि त्यात इम्प्लांट बसवितो. कप्पा करायचा म्हणजे मांस सोडवावे लागते, बारीक शिरा तुटतात. शरीराला ही जखमच. ते आपल्या रीतीप्रमाणे त्या जागी पाणी व रक्तातली द्रव्ये पाठवते, सूज येते. पाय मुरगळला म्हणजे घोटा कसा दुपटीने दिसतो? पण त्या घोट्यावरून कोणी पायाचे माप घेऊन जोडा शिवायला टाकत नाही. सूज पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते, पुढच्या चार-सहा आठवड्यांत बरीचशी उतरते, आणि उरलेली रेंगाळत रेंगाळत काही महिन्यांनी जाते. कधी ती खाली पोटाच्या वरच्या भागापर्यंतही उतरलेली दिसते.

सुजेबरोबर दुसरी गोष्ट स्नायूची. खाली अचानक पाहुणा येऊन बसल्यामुळे स्नायू आवळून धरतो. त्या दाबाने इम्प्लांट वर सरकलेले, गळ्याकडे फुगलेले आणि खालून चपटे दिसते. कातडी ताणलेली, चकाकणारी. हाताला दगडासारखे कठीण. बाईला वाटते, सर्जनाने चुकीच्या जागी बसविले. बहुतेक वेळा तसे काही नसते. आठवडे जातात तसा स्नायू सैलावतो, खालची कातडी ताणाला सरावते, इम्प्लांट आपल्या कप्प्यात उतरते. वरचा फुगवटा कमी होतो आणि खालचा भाग भरतो. गोधडी नवी असताना कशी ताठ असते आणि वापराने मऊ पडते, तसे म्हणा. खरा आकार तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतो. काहींना वर्षही लागते.

दोन्ही बाजू एकाच वेळी उतरतील असेही नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा स्नायू अधिक वापरात असतो, म्हणून त्या बाजूला उशीर लागू शकतो. शिवाय मुळातच बहुतेक स्त्रियांचे दोन्ही स्तन अगदी सारखे नसतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्याकडे कोणी पाहिलेले नसते, नंतर मात्र दिवसातून दहा वेळा पाहिले जाते. पहिल्या दिवसांत आत पाणी डुचमळल्यासारखा किंवा बारीक करकरल्यासारखा आवाजही येतो. कप्प्यात राहिलेली थोडी हवा आणि द्रव यांचा तो आवाज. शरीर ती हवा शोषून घेते आणि आवाज थांबतो.

तेव्हा 'फार मोठे झाले' या पहिल्या भीतीत सुजेचा वाटा मोठा. मग दुसऱ्या भीतीचे काय? सहा-आठ आठवड्यांनी 'लहान झाले' असे जे वाटते, त्यातही थोडे सत्य आहे, कारण सूज खरोखरच उतरलेली असते. पण त्यापेक्षा मोठा भाग डोळ्यांच्या सवयीचा आहे, आणि येथे माझा विषय येतो.

आमच्या वर्गात दरवर्षी एक जुना प्रयोग करतो. शिक्षकांना शाळेतही सहज करता येईल. तीन भांडी घ्या. एकात सोसेल इतके गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. एक हात सांगतो, पाणी गार आहे. दुसरा सांगतो, ऊन आहे. पाणी एकच! इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकातच याकडे लक्ष वेधले होते. आपल्या इंद्रियांना आकार किंवा ऊब जशी आहे तशी कळत नाही. ती आधीच्या अनुभवाशी ताडून पाहतात. सुजलेला आकार महिनाभर पाहून डोळा त्याला सरावला, म्हणजे सूज उतरल्यावरचा खरा आकार त्याला लहानच दिसणार. शस्त्रक्रियेपूर्वीचे छायाचित्र शेजारी ठेवले की हा भ्रम क्षणात जातो. म्हणूनच सर्जन आधीची छायाचित्रे घेऊन ठेवतात.

जर्मन शास्त्रज्ञ वेबर याने एकोणिसाव्या शतकात आणखी एक गोष्ट दाखविली. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर फरक लगेच कळतो. साठ पणत्या जळत असताना एकसष्टावी लावली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. फरक जाणवणे हे मूळ किती होते त्यावर अवलंबून असते. आता 325 सीसी घ्यावे की 350, या विवंचनेत रात्र रात्र जागणाऱ्या बाईला सांगितले पाहिजे की हा फरक पाच चहाच्या चमच्यांचा आहे, आणि तो शरीरात पसरलेला असल्यामुळे नवऱ्याला सोडा, तिलाही बहुधा दिसणार नाही. गंमत अशी की नंतरचा पश्चात्ताप पुष्कळदा याच पाच चमच्यांभोवती घुटमळतो.

त्यातून भुलीचा शीण, वेदना, मोडलेली झोप, कुशीवर वळता येत नाही, केस विंचरायला हात वर होत नाही. अशा दिवसांत मन खट्टू होते, कारण नसताना रडू येते. हे पुष्कळ शस्त्रक्रियांनंतर दिसते. पण मोतीबिंदू काढलेल्या आजीला शेजारीपाजारी विचारपूस करतात. या बाईला कोण विचारणार? तिने बहुधा कोणाला सांगितलेलेच नसते. जिला थोडेफार माहीत असते ती जाऊ म्हणते, 'हौसेने केलेस, आता सोस.' हे बोलणे मला फार क्रूर वाटते. कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या आणि पुन्हा घडवून घेतलेल्या स्त्रियांनाही याच इम्प्लांटचा, याच सुजेचा आणि याच आरशाचा सामना करावा लागतो. आणि समजा हौसेनेच केले असेल, तरी वेदना हौसेची म्हणून कमी होते काय? लाजेने गप्प राहण्याची किंमत कधी कधी मोठी पडते. ती कशी, ते आता सांगतो. आजच्या भाषणातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

सूज दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते आणि दिवसागणिक थोडी थोडी कमी होते. पण पहिल्या काही तासांत वा दिवसांत एकच बाजू भराभर मोठी होऊ लागली, घट्ट झाली, ठणकू लागली, काळीनिळी पडली, तर आत रक्त साचत असण्याचा संभव असतो. तेथे 'सहा महिने थांबा' हा सल्ला लागू नाही. त्याच घटकेला, मग रात्र असो की पहाट, डॉक्टरला गाठले पाहिजे. ताप येणे, कातडी लाल व गरम होणे, टाक्यांतून पू येणे ही जंतू शिरल्याची खूण. पोटरी दुखून सुजणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत कळ येणे ही रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि ती जिवावरची आहे. अशा वेळी 'घरी कळेल' म्हणून अंग चोरून पडून राहू नये.

आपल्याकडच्या दोन-तीन सवयींविषयीही बोलले पाहिजे. सूज दिसली की शेक द्यायचा, ही आपली पिढीजात समजूत. येथे ती घातक ठरते. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे, कधी महिने, तिथल्या कातडीला नीट संवेदना नसते. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापविलेले फडके भाजते आहे, हेच बाईला कळत नाही आणि फोड येतात. बर्फ थेट लावण्यानेही इजा होते. जखमेवर घरचा लेप नको. मालिशही मनाने करू नये. काही सर्जन ठरावीक प्रकारे दाबायला सांगतात, काही मुळीच हात लावू नका म्हणतात, आणि दोघांनाही त्यांची कारणे असतात. मिश्रीचे तर विशेष सांगावयास हवे. 'मी कुठे तंबाखू खाते?' असे म्हणणारी बाई सकाळी मिश्री लावत असते. मिश्रीत तंबाखूच असते, त्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम भरायला उशीर लावते. डॉक्टरांनी विचारले तर हे लपवू नये. आणि हंडा-कळशी उचलणे, आडाचे पाणी शेंदणे, दळणाचा डबा डोक्यावर घेणे, लेकराला कडेवर घेणे हे काही आठवडे दुसऱ्या कोणीतरी केले पाहिजे. घरातल्या पुरुषाने केले तरी चालेल!

एवढी वाट पाहूनही आकार खरोखरच मनाजोगा नसला तर? असे होते. शस्त्रक्रिया पुन्हा करण्याच्या कारणांत 'आकार बदलून हवा' हे एक नेहमीचे कारण आहे. परंतु शहाणा सर्जन घाई करीत नाही. सूज ओसरून ऊती मऊ होईपर्यंत, म्हणजे निदान काही महिने तो हात लावत नाही, कारण सुजलेल्या जागी घेतलेले माप पुन्हा चुकायचेच. शिवाय दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा जखम. मोठे बसवावयाचे तर वजन वाढते, कातडी अधिक ताणते, पातळ होते, आणि तो ताण पुढे पुरता भरून येत नाही. 'आणखी थोडे मोठे' म्हणताना हा हिशोब कोणीतरी बाईपुढे मांडला पाहिजे. तो मांडणे सर्जनाचे काम आहे, आणि जो मांडत नाही त्याच्याकडे न गेलेले बरे, असे माझे मत.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आकार बदलू लागला तर त्याची कारणे वेगळी. बाभळीचा काटा मांसात मोडून राहिला की शरीर त्याच्याभोवती पापुद्रा धरते. इम्प्लांटभोवतीही असा पापुद्रा प्रत्येकीला येतो. काहींच्या बाबतीत तो जाड होऊन आवळत जातो, स्तन कडक होतो, वेडावाकडा दिसतो, दुखतो. मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली तर काही दिवसांत बाजू बसते आणि लगेच कळते. ते पाणी शरीरात जिरून जाते. सिलिकोनची पिशवी मात्र गुपचूप फुटू शकते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 साली सल्ला दिला की पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहावे. ही पिशवी जन्मभराची नसते, हे तिच्या विक्रेत्याने सांगितले नसले तरी खरे आहे. याच प्रशासनाने 1992 साली सौंदर्यासाठी सिलिकोनच्या इम्प्लांटचा वापर थांबविला होता आणि 2006 साली पुन्हा परवानगी दिली. फ्रान्समध्ये 2010 साली तर एका कंपनीने वैद्यकीय सिलिकोनऐवजी कारखान्यातले स्वस्त सिलिकोन भरल्याचे उघडकीस आले.

पुष्कळ वर्षांनी एका बाजूला नव्याने सूज आली, पाणी साचले, तर तिला जुन्या सुजेची बहीण समजू नये. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा कर्करोग होतो आणि त्याची पहिली खूण बहुधा अशी उशिरा आलेली सूज असते. या कारणाने 2019च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीने आपली तशी इम्प्लांट जगभरातून परत घेतली. वेळीच ओळखला तर इम्प्लांट व भोवतालचा पापुद्रा काढल्याने बहुतेक रुग्ण बरे होतात. पण तपासणाऱ्या डॉक्टरला आत काय बसविले आहे हे कळावे लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी कंपनीचे नाव, प्रकार, सीसी आणि क्रमांक लिहिलेले एक कार्ड मिळते. मिळाले नसेल तर मागून घ्यावे, आणि रेशनकार्ड, जमिनीचे उतारे ज्या पेटीत ठेवता त्याच पेटीत ते ठेवावे. दोन प्रती काढून एक विश्वासाच्या माणसाजवळ असू द्यावी.